नट कोणी ढिले केले?

“पोलिसात द्यायचा, का नुसता काढून टाकायचा, एवढंच तुमी सांगा,” प्रकाशशेठ म्हणाले.

मी अजून हेल्मेटही घातलं नव्हतं. मला बोलावलं होतं गळणारा पाइप बघायला आणि इथं आरोपी आधीच ठरलेला होता. तो कॅन्टीनच्या भिंतीला टेकून उभा होता. किसन राठोड, पहाटेच्या शिफ्टचा ऑपरेटर. चाळिशीचा, काटक माणूस. माझ्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

वारंगा फाट्याच्या अलीकडं प्रकाशशेठची सोयाबीन तेलाची रिफायनरी आहे. कच्च्या तेलातला आंबटपणा मारायला त्यात कॉस्टिक सोड्याचं दाट द्रावण पातळ करून सोडतात. सगळे त्याला नुसतं कॉस्टिक म्हणतात. दिसायला पाण्यासारखं, हाताला बुळबुळीत. कातडीवर पडलं तर कातडी जाते आणि डोळ्यात गेलं तर डोळा. हे कॉस्टिक टाकीपासून पंपापर्यंत डोक्यावरच्या पाइपातून येतं. त्या पाइपाच्या एका फ्लँजखाली गेले काही दिवस सकाळी थारोळं साचत होतं. फ्लँज म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या लोखंडी चकत्या, नटबोल्टनं आवळलेल्या.

“बाकी दोन शिफ्टमधी थेंब न्हाई,” शेठ म्हणाले. “ह्याच्याच शिफ्टला काहून गळतं? दिवाळीला सुट्टी दिली न्हाई, त्याचा राग हाय. नट ढिले करून राहिला तो.”

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. संशय हा माझा धंदाच आहे. कुठलं केमिकल कुठल्या धातूत ठेवायचं आणि धातू का खराब झाला हे शोधायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही तेच करतो. खिशात चुंबक घेऊन फिरतो. आहेरात आलेल्या भांड्यालासुद्धा मी चुंबक लावून बघतो, असं माझी बायको सांगत सुटते. ते खोटं नाही.

म्हणून मी सगळ्यांवरच संशय घेतला. आधी पाइप विकणाऱ्यावर. मग वेल्डरवर. मग शेठवर, कारण जो मालक पाहुण्याला चहाच्या आधी आरोपी दाखवतो, त्याला काहीतरी झाकायचं असतं. आणि किसनवर तर होताच.

पाइप एमएसचा होता, म्हणजे साध्या पोलादाचा. शेठना वाटत होतं तिथंच फसवणूक झाली.

“केमिकलला स्टेनलेस पाहिजे ना, जोशीसाहेब?”

“तसं काही नसतं, शेठ. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेसला खाऊन टाकतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक ठेवलं तर भांडं विरघळतं. आणि गार कॉस्टिक साध्या पोलादात वर्षानुवर्षं सुखानं नांदतं.”

पुसेगावात माझे वडील पूजा सांगायचे, पत्रिका बघायचे. मी धातूंच्या पत्रिका बघतो. मुलगा चांगला, मुलगी चांगली, एवढ्यानं सोयरीक होत नाही.

पाइपावर थंडीसाठी गादीसारखं आवरण गुंडाळलेलं होतं. फ्लँजच्या दोन्ही बाजूंचं मी काढायला लावलं. पाइपाला चिकटून तांब्याची एक बारीक नळी गेलेली दिसली.

“ही कशाला?”

“गरम पाण्याची हो. थंडीत माल घट्ट होतो, त्याला जरा ऊब.”

ते इतकं पटकन म्हणाले की मला आवडलं नाही. नळी त्या वेळी थंडगार होती. मी मनात नोंद केली आणि पुढं गेलो.

फ्लँजच्या चकत्यांमधला गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी पट्टी, बदलला. नट आवळले. मग सगळे चहाला गेल्यावर मी प्रत्येक नटावरून फ्लँजवर पांढऱ्या पेंटची बारीक रेघ ओढली. नट कोणी जरासा जरी फिरवला तरी रेघ तुटते. हे मी कोणाला सांगितलं नाही. किसनला पकडायचा हा सापळा होता, त्यात आडपडदा कशाला ठेवू!

लाइन चालू करायच्या आधी शेठच्या आई आल्या. त्यांना सगळे माई म्हणत. कारखान्यात नवा बोल्ट बसला तरी माईंची पूजा होई. त्यांनी नारळ फोडला, ओल्या हळदीत बोटं बुडवली आणि त्या उघड्या पाइपावर जागोजाग ओढली. कुंकवाची डबी घरीच राहिली होती.

“राहू द्या,” माई म्हणाल्या. “हळदीवर भागवून घेईल देवी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “सापडला बघा! पुन्हा गळालं. त्याचीच शिफ्ट. शिफ्ट सुटून निघाला तसा मी गेटवरच थांबवला त्याला. या तुमी.”

मी पोचलो तेव्हा पाइपाखाली गर्दी होती. पण किसनला बघायला नव्हे. सगळे वर बघत होते. हळदीची बाकी सगळी बोटं पिवळी होती आणि फ्लँजपासून वीतभर लांब, वेल्डिंगच्या शेजारचं एक बोट लालभडक झालं होतं.

“देवीनं आपलं आपण कुंकू लावून घेतलं,” कोणीतरी म्हणालं. एकानं तर हात जोडले.

मी शिडी मागितली. आधी नट बघितले. पांढऱ्या रेघा जशाच्या तशा. एकही तुटलेली नाही. म्हणजे नट कोणी हलवलेच नव्हते. किसनवरचा माझा संशय त्या शिडीवर संपला आणि मला बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या हळदीच्या मुलखात कोणाला सांगायला नको. आमच्या घरी आई मुका मार लागला की तोच लेप लावायची. कॉस्टिक चुन्याचा थोरला भाऊ. त्या लाल बोटाखाली पाइप पाझरत होता. हळद पुसून भिंग लावलं तर वेल्डिंगच्या कडेनं केसासारख्या चिरा दिसल्या. तिथून कॉस्टिक पाइपाच्या पोटावरून ओघळत फ्लँजपर्यंत जाई आणि तिथं ठिबके. म्हणून इतके दिवस सगळे फ्लँजला आणि किसनला धरून बसले होते.

पण पहाटेच का? मी शेठना म्हणालो, “पंप बंद ठेवा. पाइप रिकामा करा. आणि किसनला आत बोलवा.”

“काहून?”

“त्याच्याशी बोलायचंय. तुम्ही लांब थांबा.”

किसन आला. मी विचारलं, “पहाटे आल्यावर काय काय करता, सगळं सांगा.”

“पयले वाफ सोडतो, साहेब.”

“कुठली वाफ?”

त्यानं तांब्याच्या नळीकडं बोट केलं. “ह्या नळीत. बॉयलरची. पहाटं लई थंडी राह्यते, माल गोठून राहतो. वाफ सोडली की पातळ होतो, मंग पंप वढतो. ऊन पडलं की बंद करतो.”

“गरम पाणी नाही?”

“आधी पानीच व्हतं. मागच्या थंडीत शेठनी बॉयलरची लाइन जोडली. पान्यानं येळ लागायचा.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?”

“मला कुनी इचारलं? नट काहून ढिले केले, एवढंच इचारत होते समदे.”

मी शेठकडं वळलो. ते लांब थांबले नव्हतेच.

“गरम पाणी म्हणालात.”

“पाणीच ना हो,” शेठ म्हणाले. “फक्त जरा जास्त गरम.”

हसू आलं असतं, पण मला संताप आला. गार असताना पोलाद आणि कॉस्टिकचं छान जमतं. पण तेच कॉस्टिक वाफेनं तापवलं की ते वेल्डिंगपाशी, जिथं धातूत आधीच ताण असतो, तिथं शिरतं आणि पोलादाला आतून तडकवतं. वरून गंज नाही, डाग नाही. दिवसा कॉस्टिक पंपापुरतं वाहायचं, पण इतकं दाट की केसाएवढ्या चिरेतून निसटत नसे. पहाटे वाफेनं पातळ झालं की पाझरायला लागे. आणि अशी चीर कायम पाझरतच राहत नाही. एक दिवस पाइप एकदम फाटतो. ज्याला आम्ही आरोपी ठरवत होतो तो माणूस रोज पहाटे बरोबर त्याखाली उभा राहून वाफेचा व्हॉल्व्ह फिरवत होता. त्याचे डोळे शाबूत होते ते केवळ नशिबानं.

“मंग सगळी लाइन स्टेनलेसची करून टाकतो,” शेठ पडलेल्या आवाजात म्हणाले.

“वाफ अशीच ठेवली तर स्टेनलेसही तडकेल.”

“मंग काय लावू?”

“काही लावू नका. वाफ काढा. तडकलेले तुकडे बदला. टँकर आला की कॉस्टिक हळूहळू पाण्यात सोडून, गार करत, पातळ करून साठवा. तेलात तसंही पातळच सोडता. पातळ कॉस्टिक इथल्या थंडीत गोठत नाही. मग हाच पाइप चालेल.”

आता शेठ माझ्याकडं संशयानं बघायला लागले. स्वस्त उपाय सांगणाऱ्या इंजिनिअरवर कोणाचाच विश्वास बसत नाही.

पाइप बदलला, पण किसन काही कामावर येईना. निरोप आला की त्याच्या तांड्यावर सगळीकडं पसरलंय, किसन नट ढिले करताना सापडला. मालकानं तिथं येऊन सांगावं, मगच येतो. शेठ म्हणाले, पगार वाढवतो, जायची काय गरज? माई म्हणाल्या, “पोरा, बोभाटा तू केला. निस्तरायला बी तूच जा.”

शेठनी मला सोबत घेतलं. मी पाइपाचा कापलेला तुकडा धुऊन, हातमोजा आणि चष्म्यासकट पिशवीत घेतला.

तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, लिंबाखाली बाजेवर बसले होते. किसन बाजूला उभा. मी हातमोजा चढवला आणि किसनच्या घरातून हळद मागवली. तुकडा कितीही धुतला तरी चिरेत कॉस्टिक राहतंच. ओली हळद लावली आणि थांबलो. पिवळ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. किसननं नट हलवले नव्हते, पाइपच तडकला होता, हे मी सगळ्यांना सांगितलं.

नायकांनी मान पुढं करून बराच वेळ रेघ पाहिली.

“मंग ह्या पाइपाला कामावरून काडलं का न्हाई?”

“काढलं,” मी म्हणालो.

“बराबर. आन् वाफ कुनी जोडली व्हती?”

प्रकाशशेठ म्हणाले, “मी.”

“मंग तुमाला कोन काडनार?”

शेठ उठून किसनसमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चूक माझी व्हती. ह्याची न्हाई.”

किसन म्हणाला, “उद्या पहाटं येतो. पन वाफेच्या नळीला हात लावनार न्हाई.”

“ती काढून टाकली.”

“ते मी आल्यावर बघतो,” किसन म्हणाला.

मला तो माणूस फार आवडला. तेव्हापासून कुठंही गळतीला बोलावलं आणि कोणी केलं ते सांगायला लागले, की मी आधी पाइप किती तापतो ते विचारतो, आणि तेही मालकाला नाही.