पश्चिमेची भिंत आणि बाबांचा पाइप

रविवार, एप्रिलचा तिसरा आठवडा. हजर: मी, नवरा, सासरे म्हणजे बाबा, आणि कुणीही न बोलावलेले शेजारचे काका. गैरहजर: ज्याला तीनदा फोन केला तो ठेकेदार. जमण्याचं कारण: बाबांच्या खोलीतला कुबट वास.

आमचं घर जुनं, विटांचं. बाहेरून काळा दगड बसवलेला. बाबांची खोली पश्चिमेला. दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती सगळी ऊब प्रेमाने खोलीत सोडतो. बाबांना दमा. पण खोली बदला म्हटलं तर नाही. तिथून फाटक दिसतं, आणि कॉलनीत कोण कुणाकडे गेलं याची नोंद ठेवायला दुसरं कुणी लायक नाही.

म्हणून फेब्रुवारीत आतून भिंतीला चौकट मारली, थर्माकोल भरला, वर जिप्सम बोर्ड. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, थर्मासच समजा." खरं बोलला. आत गेलेलं काहीच बाहेर येत नाही, पाणीसुद्धा.

पाणी बाबांचं. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी बागेच्या पाइपने ते ही भिंत न्हाऊ घालतात. आजवर भिंत भिजायची आणि दोन्ही अंगांनी वाळायची. आता आतलं अंग आम्ही हौसेने बंद केलेलं. दगडांच्या सांध्यांतलं सिमेंट जागोजागी गळलंय. पाणी तिथून विटांत, विटांतून बोर्डामागे. खोली मात्र गार झाली, आणि श्रेय अर्थातच पाइपला.

"बघ, यंदा कसं गार वाटतंय! उगाच तो पुठ्ठा ठोकलात," बाबा म्हणाले.

"पाण्याला तोड नाही," काका म्हणाले. त्यांच्या भिंतीला दगड नाही, साधा रंग आहे.

मी बोर्ड जमिनीलगत दाबून पाहिला. बोट आत गेलं. नवऱ्याने तेवढा तुकडा उचकटला. मागे काळी बुरशी, थर्माकोल ओला. काकांनी नाकाला रुमाल लावला.

"बाबा, खोकला कधीपासून वाढलाय?" मी विचारलं.

"पुठ्ठा लावल्यापासून. सांगत होतो ना?"

चिडचिड याचीच झाली की म्हातारा अर्धा बरोबर होता.

मग मी कामं ठरवली. बोर्ड आणि थर्माकोल काढायचा. पाइप बंद. सांधे चुन्याच्या मसाल्याने भरायचे. भिंत पूर्ण वाळेपर्यंत आतून काहीही ठोकायचं नाही. पुढे लावायचंच तर दमट हवा कोंडून न ठेवणारं. तोवर बाहेर, भिंतीपासून हातभर अंतरावर, सावलीला हिरवी जाळी.

"आणि तुम्ही आतल्या खोलीत झोपायचं."

"किती दिवस?"

"वाळेपर्यंत."

"मग भिंतीवर पंखा सोडा. मी कशाला जाऊ?"

"बाबा, ती बुरशी छातीत जाते," नवरा म्हणाला.

"तुझ्या आईनेही असंच घाबरवलं होतं, विडीवरून."

"मग सोडलीत ना विडी?"

"ती होती म्हणून सोडली."

यावर काकांना अचानक घरी काम आठवलं.

संध्याकाळपर्यंत नळाची चावी काढून ठेवली, जाळी आणली, सांधे भरणारा बुधवारी येतो म्हणाला. बोर्ड अर्धा उतरवून थांबलो, कारण उरलेला पलंगामागे आहे. पलंग हलवायचा राहिलाय. पलंगावर बाबा आहेत, खोकताहेत, आणि उठत नाहीत.