बापूरावांचा थंडा चहा

लग्नाच्या पंगतीत दोन जुने भिलाईवाले शेजारी बसले की वाढपी कंटाळतात, पण किस्से संपत नाहीत. कारखाना उभा राहत होता तेव्हा पोलाद निघायच्या आधी आम्ही किस्सेच काढत होतो! मी साइटवरच्या कँटीनचा क्लार्क. लोकांच्या वाट्याला फर्नेस आली, माझ्या वाट्याला चहा.

कँटीनचे मॅनेजर बापूराव ढोबळे. वर्ध्याकडचे, रेल्वेच्या टी-स्टॉलवरून आलेले आणि अजून टेम्पररी. एप्रिलात मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "रशियन इंजिनियर गर्मी से परेशान हैं. ठंडी चाय का मेनू बनाओ. मई के आखिर में मैं खुद चखूँगा. पसंद आया तो परमनंट, नहीं तो वापस प्लॅटफॉर्म!"

परमनंट म्हणजे सेक्टर दहात क्वार्टर. बापूरावांचा संसार दुर्गला एका खोलीत. सात बिऱ्हाडांत एक नळ! वहिनींना क्वार्टरचा शब्द देऊन दोन वर्षं झाली होती.

त्यांनी घरी मेनूची बातमी सांगितली. वहिनी म्हणाल्या, "गार चहा? नकोशा पाहुण्याले देतात तो?"

"हो, त्याचाच मेनू करून राहिलो!"

*

पहिला प्रयोग आम्ही आमच्या अकलेने केला. दूध, साखर, आलं घालून कडक उकळलेला चहा आणि वरून बर्फ. चाळीस ग्लास फिटर लोकांकडे पाठवले.

चाळीसच्या चाळीस परत आले. निरोप एकच, "चहा गार झाला, गरम करून द्या."

बापूराव मनाने मऊ. ग्राहकाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. त्यांनी सगळे ग्लास पातेल्यात ओतले आणि आइस टीला उकळी आणली! एक छत्तीसगढी मिस्त्री मिशा पुसत म्हणाला, "आज चाय बने हे, बाबू!" म्हणजे आज चहा झकास.

बापूराव मला म्हणाले, "लिहून घे. पहिला प्रयोग पास."

*

बर्फ यायचा दुर्गहून, लाकडाच्या भुशात घालून, गोणपाटात बांधून. गाडीचे गार्ड वानखेडे आमच्याच नागपूरकडचे, ते ब्रेकव्हॅनमधून आणायचे. दुर्गहून लादी निघायची, भिलाईला साबणाची वडी पोचायची.

एक दिवस मी गाडीवर गेलो तर नुसतं ओलं गोणपाट हातात आलं.

"वानखेडेसाहेब, बर्फ कुठं हाय?"

"मले कावून विचारतं? म्या तर पूर्ण आणला! खाली वाहून राहिला पाहा, बादली आण!"

जो काही बर्फ पोचायचा, त्याला भुसा चिकटलेला. इगोर साहेब नावाचे एक धिप्पाड रशियन इंजिनियर होते. त्यांच्या ग्लासात भुसा तरंगला. हे काय, असं त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं. बापूराव घाबरून म्हणाले, "मसाला!"

इगोर साहेबांनी तो सावकाश चावला, विचार केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फ घासून धुतला. तासाभराने दुभाषी आला. "साहेब म्हणतात, आज मसाला कमी पडला!"

*

हळूहळू मेनू जमत गेला. दूध गेलं. लिंबू, पुदिना, कैरी, तुळस, बडीशेप असे पाच प्रकार ठरले. पण चाखायला कोण? मी! एका दुपारी अकरा ग्लास रिचवले आणि पोटाने संप पुकारला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय काय घेतलंत?" मी कण्हत कण्हत यादी सांगितली. त्यांनी ती गंभीरपणे लिहून घेतली. मग दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "कैरीचा उरलाय का?"

*

मेनूचा बोर्ड बाहेर लागला. समोर सावलीत मजूर बाया बासी खात होत्या, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. मी त्यांना मोठ्या ऐटीत बोर्ड वाचून दाखवला.

एकीने घास थांबवला. "पानी ठंडा, भात ठंडा, अब चाय घलो ठंडा! त गरम का मिलही?"

बापूराव नुकतेच साहेबांच्या केबिनमधून परतत होते. चालता चालता म्हणाले, "साहब की डाँट!"

*

आणि मग चव पाहायचा दिवस उजाडला. त्याच दिवशी गाडी मागे कुठे तरी अडकली. बर्फ नाही! बाहेर गरम वाऱ्याची लू सुटलेली. बापूराव स्टुलावर बसले. "संपलं रे. घरी तिले आता काय तोंड दाखवू?" त्यांचे डोळे भरून आले. रोज त्यांची टिंगल करणारा मी, मलाही त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मोरीत ग्लास धुणारी बिसाहिनबाई हे ऐकत होती. तिने पाण्याचे पाच माठ रिकामे केले, त्यांत सकाळचा चहा ओतला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि माठ खिडकीच्या झोतात ओल्या वाळूवर मांडले. मग तीन तास पाणी शिंपडत आणि सुपाने वारा घालत बसली.

साहेब आले, सोबत इगोर साहेब. एक ग्लास झाला. दुसरा झाला. तिसरा साहेबांनी स्वतः मागून घेतला.

"बर्फ नहीं है, फिर भी इतनी ठंडी? कौन सा कूलिंग युनिट है? रशियन?"

बापूरावांनी मोरीकडे नजर टाकली. "नहीं सर. लोकल."

"बिजली कितनी खाता है?"

"बिलकुल नहीं, सर!"

"कमाल है! कितने हैं?"

"एकच... एक ही है, सर."

साहेबांनी तिथेच मला ऑर्डर लिहायला सांगितली. ढोबळे यांना परमनंट करावे. कूलिंग युनिट उत्तम असून त्याच मेकची आणखी दोन ताबडतोब बसवावीत. खाली सही ठोकली आणि चौथा ग्लास हातात घेऊन निघून गेले.

बापूराव कागद हातात धरून कधी माझ्याकडे, कधी मोरीकडे बघत राहिले.

सोमवारी सकाळी बिसाहिनबाईच्या दोघी बहिणी ड्यूटीवर हजर झाल्या!