संगणकाला उखाणा चालत नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलं ते लगेच लिहून मंडळाच्या फळ्यावर लावते आहे.

कर्जतच्या कॉलेजात विद्यापीठाचा संवादकला आणि संगणक-ओळखीचा वर्ग सुरू झालाय. भिवपुरीहून मी आणि शेजारची शेवंता गेलो. मॅट्रिकनंतर आज पहिल्यांदा बाकावर बसले.

संगणक एकच. एकीने पूर्ण नाव सांगायचं, दुसरीने कानावर पडेल तेवढंच टाइप करायचं. शेवंता टाइप करायला बसली. मी माझं नाव सांगितलं आणि थबकले. मधलं नाव यांचं! उखाण्याशिवाय ते मी कधी घेतलेलं नाही. देवापुढे धरलेला नेम आहे.

"सांगा की काकू," शेवंता म्हणाली. "मला ठावं हाय, पन ऐकल्याबिगर टाकायचं नाय."

मग उखाणाच घेतला. "जास्वंदीचं फूल वाहते गणपतीला..." यांचं नाव येईपर्यंत पडद्यावरची मधल्या नावाची चौकट भरून गेली. मधलं नाव 'जास्वंदीचं' झालं. वर्ग खो खो हसला.

शिकवणाऱ्या बाई हसल्या नाहीत. "उद्या नुसतं नाव सांगा. नाही जमलं तर वर्गातली जागा दुसरीला देईन."

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "घे की नाव! माझी कुठे हरकत आहे?"

तेव्हापासून जीव जास्तच कोंडलाय. शिकायचं तर आहे, आणि अडवणारंही कोणी उरलं नाही. तरी देवघरासमोर तीनदा प्रयत्न केला, ओठ उघडत नाहीत.

तुमच्यापैकी कोणी नुसतं नाव घेतलंय का गं? पहिल्यांदा कसं घेतलंत?