आधी त्याले विचारलं का?

१९९९ साली, आखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात सुदाम ढिवरावर अन्याय झाला. मच्छीमार मंडळींच्या बैठकीत अध्यक्षांनी ठराव मांडताच भराभर हात वर झाले आणि त्याला गावतलावावरून कायमचं काढलं. आरोप काय, तर मासोळ्या अंडी धरतात त्या बंदीच्या दिवसांत जाळं टाकलं. सुदाम त्या वेळी लेक-जावयाला एसटीत बसवायला गेला होता. शेत नाही, दुसरा धंदा नाही. परतला तर पोटाची वाट बंद.

मी तेव्हा संघटनेची तरुण कार्यकर्ती. लगेच पत्रक लिहिलं, ‘निर्दोष सुदामचा बळी!’ आणि कुंदाबाईंकडे धावले. या ब्रह्मपुरीच्या वकीलबाई. काळा कोट कायम खांद्यावर लोंबणारा. कागद दिला की आधी तो टेबलावर पालथा घालणार आणि मग प्रश्न.

“अध्यक्षाले विचारलं का, काऊन काढलं म्हणून?”

“त्या दांडगटाला काय विचारायचं, बाई?”

“दांडगटालेबी तोंड असते, पोरी. अन् सुदामले? जाळं टाकलं का त्यानं?”

“तो गरीब आहे!”

“हे उत्तर नाई झालं.”

असा संताप यायचा! आम्ही मोर्चा काढावा आणि बाईंनी समोरच्याच्या घरी चहा प्यावा. वर ऐकवायच्या, “कायद्याची पुस्तकं कपाटभर, पण साऱ्यायचं बूड दोनच गोष्टी. दोघांचंही ऐका. अन् काल एकाले जे माप लावलं, तेच आज दुसऱ्याले लावा.” इकडे माणूस उपाशी मरतोय आणि ह्यांचं माप!

तेव्हाही बाईंनी मंडळींची बैठक पुन्हा बोलवायला लावली आणि अध्यक्षांकडे चहा पिऊनच तिथे आल्या.

“अध्यक्षभाऊ, काढायच्या आधी याले विचारलं का?”

“विचारायचं काय? साऱ्या गावाले मालूम आहे.”

“मंग यालेबी मालूम असन. बोलू द्या.”

सुदाम उठला. “टाकलं जाळं. आखाडीले जावई आला, त्याच्या ताटात काय वाढू?”

झालं! माझी ‘निर्दोष’ पत्रकं पिशवीतच राहिली. बाईंना मात्र काहीच वाटलं नाही. “भाऊ, मघा चहा पिताना मले काय सांगितलं, ते या साऱ्यायले सांगा.”

अध्यक्ष छाती काढून म्हणाले, “आम्ही कडक आहो, बाई. मागच्या साली आमच्या साळ्यानं हेच केलं, तर त्यालेबी सोडलं नाई. मातामायच्या देवळात नारळ फोडाले लावला!”

“साळ्याले नारळ, अन् याले देशोधडी?”

मागून कुणीतरी ओरडलं, “सुदाम, तूबी अध्यक्षाले बहीण देऊन टाक लेका!” बैठक हसून लोळली. ठराव मागे घेतला, सुदामने नारळ फोडला आणि बंदी उठल्यावर पुन्हा तलावावर गेला.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. पण गडचिरोली असो की चंद्रपूर, कुठल्याही सभेत माझा आवाज चढला की तो पालथा कागद समोर येतो. चीड तीच येते, पण आधी समोरच्याचं ऐकावं लागतं.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावात कुणाला काढायचा ठराव येईलच. तेव्हा वर जाणारा हात खाली घ्या, उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: त्याले विचारलं का? आणि मागच्या वेळी तुमच्या साळ्याले काय केलं होतं?