चौथाई गोळी

कोरियातल्या गुन्सानच्या बंदरबाजारात तक सुनए नावाची बाई सुकी मासळी विकते. गिऱ्हाईक फार घासाघीस करू लागलं की ती विचारते, "बाई, भाव करायचाय की सोयरीक?" अशा फटकळ बाईच्या तोंडून एक शब्द मात्र वर्षानुवर्षं निघाला नव्हता. टक्कल.

तिच्या नवऱ्याचे केस पंचविशीतच गेले. बोटीवरचे सोबती त्याला 'दीपगृह' म्हणत. तोही हसायचा, आणि घरी येऊन टोपी न काढता जेवायचा. शेवटच्या आजारपणात, इस्पितळातल्या खाटेवरसुद्धा टोपी. तो गेल्यावर नर्सने ती काढली, तेव्हा सुनएने तिच्या हातून घेऊन परत त्याच्या डोक्यावर घातली.

त्यानंतर तिची नजर मुलाच्या, तेग्युनच्या, कपाळावर खिळली. तिने त्याला काळे सोयाबीन उकडून खाऊ घातले, डोक्याला आलं चोळलं, वेखंडाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. यातल्या कशाने बापाकडून आलेलं टक्कल थांबत नाही, पण आईला कोण सांगणार? तिशीत केस मागे सरकू लागले तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज घ्यायची, सोडली की केस पुन्हा जाणार. हेच औषध म्हाताऱ्यांच्या लघवीच्या त्रासावर मोठ्या गोळीत मिळतं आणि बरंच स्वस्त पडतं. मोठी गोळी आणायची, सुरीने चार तुकडे करायचे. बाजारातल्या कितीतरी आया मुलांसाठी हेच करत. सुनएही करू लागली.

लग्न जुळवणाऱ्या बाईने विचारलं, "वडिलांकडचं डोकं कसं होतं?"

"घोड्याच्या आयाळीसारखं," सुनएने ठोकून दिलं.

सून आली ती सेरोम. ग्रंथालयात नोकरी करणारी, कमी बोलणारी. पहिल्या खेपेला तिचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. पुन्हा दिवस राहिले तेव्हा नोकरीतून रजा घेऊन ती घरीच बसली. पोटातल्या बाळाला इथे लाडाचं नाव ठेवतात. यांनी ठेवलं 'रताळं'. सुनए दुकानातून आली की आधी विचारायची, "रताळं जेवलं का?"

एकदा सुनएची सुरी घसरली आणि गोळीचा तुकडा जमिनीवर उडाला.

"आई, बोट कापून घ्याल. इकडे द्या," सेरोम म्हणाली. "कसल्या आहेत या?"

"पोटाच्या. लहानपणापासून पोट नाजूक त्याचं."

तेव्हापासून गोळ्या सेरोमच कापायची. फळीवर उरलेली भुकटीही वाया जाऊ नये म्हणून बोटाने टिपून कागदात ठेवायची. सासूनेच शिकवलं होतं तसं.

तिला पाचवा महिना लागला होता. औषधाच्या दुकानात सुनए कौतुकाने सांगत होती, "हल्ली सून कापते. काय सारखे तुकडे पाडते, बघाल तर."

दुकानदार बेक पाकीट बांधता बांधता थांबले. "कोणती सून? पोटुशी आहे ती?"

"मला काय दहा सुना आहेत?"

"काकू, अख्ख्या गोळीला वरून लेप असतो. फोडली की औषध उघडं पडतं. गरोदर बाईने त्याला हात लावायचा नसतो. पोटात मुलगा असला तर त्याच्या जननेंद्रियात व्यंग येऊ शकतं. पाकिटातला कागद वाचला नाहीत?"

सुनए पाकीट तिथेच विसरून घरी आली. तेग्युनला जिन्याखाली गाठून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी गोळ्या बंद करतो," तो म्हणाला. "पण तिला सांगू नकोस, आई."

"आणि रताळ्याचं काय?"

"झालं ते झालं. सांगून काय उलटं फिरणार आहे?"

"डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ते बघणार काय, डोंबल? सरक बाजूला."

सेरोम स्वयंपाकघरात मुळा किसत होती. सुनएने तिच्या हातातली किसणी काढून ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. गोळ्या केसांच्या आहेत. भुकटी पोटुशीला घातक असते, ते मला माहीत नव्हतं. पोटाच्या म्हणाले मी, ते मात्र जाणूनबुजून.

सेरोमने पोटाकडे नेलेला हात मध्येच मागे घेतला. मग नळाखाली हात धुतले. पुन्हा धुतले.

"यांचे केस जातायत ते मला पहिल्या महिन्यातच कळलं," ती म्हणाली. "उशी मीच झटकते ना. तुम्ही लपवताय तर मीही लपवलं. केसांच्या आहेत म्हणाला असतात, तर मी तो कागद वाचला असता, आई."



दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत सेरोम तिला बरोबर घेऊन गेली. "तुम्हीच सांगा," म्हणाली.

डॉक्टरांसमोर, दोन अनोळखी नर्सेससमोर सुनए खालमानेने म्हणाली, "माझ्या मुलाला टक्कल पडतंय. माझ्या नवऱ्यालाही होतं." पुढचंही सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. कातडीतून फार थोडं औषध आत जातं, भीतीचं कारण कमी, म्हणाल्या. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पडद्यावर बाळ नीट दिसतंय, मुलगा आहे; पक्कं जन्मल्यावरच कळेल. नवऱ्याने औषध सोडायची गरज नाही. केसांसाठीची लहान गोळी मिळते ती अख्खी गिळावी, महाग तर महाग. आणि बायकांनी त्या तुकड्यांना शिवू नये.

पुढचे महिने त्या घरात रताळ्याचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नाही. सेरोम जेवायची, चालायची, विचारलं तेवढं बोलायची. सुनएच्या हातून दुकानात वजनं चुकू लागली.

मुलगा झाला. डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासला; सगळं जिथल्या तिथे. तेग्युन बाहेरच्या बाकावर बसून रडला.

सुनए समुद्री शेवाळाचं सार घेऊन आली, बाळंतिणीला देतात तसं. सेरोमने वाडगा घेतला, तोंडाला लावला नाही.

"यात काय घातलंय?"

"शेवाळ," सुनए म्हणाली. "गोमांस, लसूण, तिळाचं तेल, मीठ. बाकी काही नाही."

सेरोम वाफेकडे बघत बसली, मग प्यायली. मूल आता रांगतं. सेरोम अजूनही प्रत्येक वाडग्याला विचारते, आणि सुनए प्रत्येक वेळी उत्तर देते, एकही जिन्नस न गाळता.