स्टीलच्या डब्यातला रोल

फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, फिल्मचा एक रोल आहे. दूध काढताना रोज दिसतो.

बाळांनो, तुमच्याकडून परत निघताना तो मीच बांधला होता. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी फिल्म खराब होते, असं वाचलं होतं. म्हणून रोल रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला. आजोबा म्हणाले, "अगं, त्यांच्या हातात दे आणि सांग, यंत्रात घालू नका."

"तुम्ही गप्प बसा. स्टीलमधून काय जातंय?"

विमानतळावर यंत्राच्या पडद्यावर नुसता काळा गोळा दिसला असावा. तपासणीच्या बाईंनी डबा पुन्हा यंत्रात घातला, मग तिसऱ्यांदा. शेवटी झाकण उघडून हसल्या. "आधी सांगायचं ना, हातानं तपासला असता." आजोबांनी रोल पुन्हा रुमालात गुंडाळला.

तुमच्या बाबांना लहानपणी ताप आला, तेव्हा मी तीन गोधड्या घातल्या होत्या. डॉक्टर असेच हसले होते. जे जपायचं, त्यावर घट्ट झाकण लावायचं, एवढंच मला येतं.

त्या रोलमध्ये आजोबांच्या खांद्यावर धाकटी आहे आणि त्यांचं बोट धरून थोरला. ते गेले, त्याआधीचे त्यांचे हेच शेवटचे फोटो.

उद्या रोल धुवायला देणार आहे. कोरा निघाला, तर त्या खांद्यावरून काय काय दिसत होतं, ते धाकटीनं मला लिहून पाठवावं. आठवतंय तोवर.