सतरा नंबरच्या पंचफुलाबाई

आमच्या फॉर्मवर 'शेरा' नावाचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद आहे, आणि माणसं त्याहून बरंच जास्त बोलतात. जे मावत नाही ते मी वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. आता मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडली आहेत.

अमरावतीत दातांच्या एका दवाखान्यात माझी आई नर्स आहे. तिथल्या मॅडमचं संशोधन चालू आहे. जबड्याच्या हाडात बारीक स्क्रू बसवायचा, त्यावर दात लावायचा आणि तो किती टिकतो ते बघत राहायचं. याला इम्प्लांट म्हणतात. माझं अक्षर बरं आहे म्हणून सुट्टीत फॉर्म मी भरते. लोकांशी बोलणं मला जमत नाही, लिहिणं जमतं. मॅडमनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला, "पेशंट बोलेल ते लिहायचं. आपल्याला आवडेल ते नाही."

*

पहिला प्रश्न असतो, तंबाखू खाता का? तिवस्याच्या एका काकांनी मान वर करून, ओठ मिटून "नाही" म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "तोंड उघडा." काका आधी बाहेर जाऊन थुंकून आले.

"काका, खर्रा होता ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग तंबाखू नाही कसं म्हणालात? खर्ऱ्यात सुपारीबरोबर तंबाखूच घोटतात ना?"

"तंबाखू माहा बाप खात जाये. मी खर्रा खातो."

त्या दिवसापासून प्रश्न बदलला. आता आम्ही विचारतो, "खिशात काय आहे?"

*

अचलपूरचे रहीमचाचा टेलर आहेत. मॅडम त्यांना समजावत होत्या की रोज दातांच्या फटीतून धागा फिरवायचा, म्हणजे हिरड्या साफ राहतात. चाचांचा चेहरा एकदम उजळला.

"मॅडम, पैंतीस बरस से धागा दाँत से तोड़ रहा हूँ. सब डॉक्टर चिल्लाए. आप पहली हो जो बोली, और करो."

मॅडमना त्यानंतर अर्धा तास लागला. शेऱ्यात मी लिहिलं, 'गैरसमज दूर केला. बहुतेक.'

*

पंचफुलाबाई भातकुलीकडच्या. साठीच्या, स्वतः शेत कसणाऱ्या. त्यांचा नंबर सतरा. खालच्या दोन दाढा नव्हत्या. सोबत आलेला मुलगा दारातूनच म्हणाला, "या वयात दात कायले पायजेत माय तुले? भाकर दुधात कुस्करून खात जाय."

"तुले बायको पायजे होती तवा मी इचारलं का, कायले पायजे म्हून?"

मुलगा बाहेर जाऊन बसला. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं. त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

*

स्क्रू हाडात धरेपर्यंत मऊ खायचं असतं. तपासणीला सगळे सांगतात, फक्त वरण-भात खाल्ला. पंचफुलाबाईंचा स्क्रू निखळला तेव्हा त्या स्वतःच येऊन म्हणाल्या, "मी फुटाणे खाल्ले. शेजारीन खाऊन राह्यली होती, मले राहवलं नाही. लिही पोरी."

मी लिहिलं. इतका खरा फॉर्म आमच्याकडे दुसरा नाही.

*

मग अकोल्याला डॉक्टरांची सभा ठरली. संशोधन तिथे मांडणार होते मोठे सर, म्हणजे मॅडमचे वरिष्ठ. बाकी सगळ्यांचे स्क्रू पक्के होते. सर मला म्हणाले, "सतरा नंबर गाळून यादी नीट लिहून आण. त्या बाईनं पथ्य मोडलं, तिला मोजायचं कशाला?"

स्क्रू निखळला तर यादीतल्या माणसालाच दुसरा मोफत मिळणार होता. नाव गेलं की पंचफुलाबाईंची दाढ गेली.

मी यादी लिहिली, सतरा नंबरसकट. सरांनी परत पाठवली. मी पुन्हा लिहिली. या वेळी सतरा जरा ठळक.

"तुला ऐकू येत नाही का?"

"येतं," मी म्हणाले.

शेवटी सरांनीच स्वतःच्या पेनाने ती ओळ खोडली. घरी जाताना आई म्हणाली, "तुह्या हट्टापायी माही नोकरी जाईन एक दिवस." चौक आला. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा लिहाले काय झालं होतं तुले?"

*

अकोल्याला दात दाखवायला काही पेशंट न्यायचे होते. मॅडमनी कोणालाही न सांगता गाडीत एक जागा जास्त ठेवली आणि गाडी आधी भातकुलीला नेली.

हॉल डॉक्टरांनी भरला होता. आई, मी आणि पंचफुलाबाई शेवटच्या रांगेत बसलो. पडद्यावर रंगीत चित्रं येत होती, मग पेशंटची यादी आली. सर माइकवर म्हणाले, "सांगायला आनंद वाटतो, आमचा एकही स्क्रू निखळलेला नाही."

टाळ्या पडल्या. पंचफुलाबाईंनी मला विचारलं, "यात माही ओळ कोनती?"

मी मान हलवली. "खोडली."

त्या उठल्या. मधल्या वाटेने चपला वाजवत थेट टेबलापर्यंत गेल्या. पदराची गाठ दाताने सोडली, आतली बारीकशी वस्तू काढली आणि माइकसमोर ठेवली. टक्क असा आवाज सगळ्या हॉलभर गेला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मंग हा कोनाच्या तोंडातून पडला?"